ब्लेडने कापलेली तीन पानं

चाकणला फिरायला कोणी जात नाही. तिथे माणूस कामाला जातो, नाहीतर काम शोधायला. मी गेल्या फेब्रुवारीत तिथे चक्क पाहुणा म्हणून गेलो आणि शाल-नारळ घेऊन परत आलो. त्या तीन दिवसांत मी जेवढा घाबरलो, तेवढा बी.ए.च्या निकालाच्या दिवशीही घाबरलो नव्हतो.

आधी माझ्याबद्दल सांगतो. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आई-वडिलांनी खडी फोडली. माझं प्रमाणपत्र समोरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी फ्रेम करून लावलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसतं, आणि दिसावं म्हणूनच लावलंय. पहाटे चार ते साडेपाच मी लिहितो. परीक्षेच्या पुरवण्यांमधले कोरे राहिलेले कागद वापरतो. बायको म्हणते, पोरांना जिथं काही सुचलं नाही तिथं तुम्हाला सुचतं.

त्या कागदांवर लिहिलेली ‘हजेरी’ नावाची गोष्ट एका छोट्या दिवाळी अंकात छापून आली. उजव्या पानावर सुरू होणारी, तीन पानं, पाठपोट सहा. गोष्टीतला प्रकाश हा चाकणच्या एका रबर कंपनीत मोल्डिंग प्रेसवर काम करतो. पण प्रकाश हे त्याचं नाव नव्हेच. प्रकाश त्याचा धाकटा भाऊ, आयटीआय झालेला, आणि नोकरी लागायच्या आधीच तापाने गेलेला. थोरला भाऊ त्याच्या कागदांवर कामाला लागतो आणि रोज सकाळी मेलेल्या भावाच्या नावाला ‘हजर’ म्हणतो.

ही गोष्ट मी रचलेली नाही. पिंपरीजवळ काळेवाडीच्या एका खोलीत मी चार वर्षं राहिलो. दिवसा पॅकिंगमध्ये काम, आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. तेव्हाचा माझा रूम पार्टनर भास्कर. त्याच्या गेलेल्या धाकट्या भावाचं नाव सुनील. खोलीतला शिकलेला मी एकटा, म्हणून सगळ्यांचे रजेचे अर्ज, घरची पत्रं, कंपनीचे फॉर्म माझ्याकडे यायचे. भास्करचा फॉर्मही मीच भरला. नावाच्या रकान्यात ‘सुनील’ लिहिलं ते माझ्या अक्षरात. लेखक म्हणून मी पहिल्यांदा खोटं लिहिलं ते तिथे, आणि ते वर्षानुवर्षं खपलं. पुढे आधार कार्ड निघालं तेही त्याच नावाने. कंपनीत तो सुनील, घरी भास्कर.

गोष्टीत मी नाव बदललं, पण माणूस बदलायला हात धजला नाही. हनुवटीखालचा भाजल्याचा डाग तसाच ठेवला. डबा उघडताना आधी झाकण नाकाशी नेऊन वास घ्यायची सवय तशीच. सायकल स्टँडवरचं चिंचेचं झाडसुद्धा. लिहिताना वाटलं, हेच तर खरं आहे, हे काढलं तर उरतं काय? आणि आमच्या तालुक्यातल्या चार लोकांनी वाचलेला अंक चाकणला कोण नेणार?

नेला भास्करनेच. जानेवारीत त्याचा फोन आला. म्हणाला, त्यांच्या कंपनीत मराठी भाषा दिन करतात, एचआरच्या मॅडमना त्याने सांगितलंय की माझा रूम पार्टनर लेखक आहे. तीन अंक विकत घेतले, दोन कंपनीत दिले, एक घरी ठेवला. अनुक्रमणिकेत माझं नाव बघून मॅडमनी हीच गोष्ट वाचायला सांगितलंय.

मी विचारलं, “तू वाचलीस?”

“कुठं टाइम भेटतो रे. तू वाचशील तवा ऐकतोच की.”

मी जायला नको होतं. आजारी पडलो असतो तर कोणी बघायला आलं नसतं. पण दोन दिवसांनी मोबाइलवर पत्रिका आली. ‘प्रमुख पाहुणे’, आणि खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. वडिलांचं नाव कुठल्याही पत्रिकेत छापलं जायची ती पहिली वेळ. मी ती आईला दाखवली आणि तिकीट काढलं.

बुधवार, काळेवाडी

नाशिक फाट्याला सकाळी उतरलो. बारा वर्षांत तिथे एवढे पूल एकमेकांवर चढलेत, की आपण नक्की कुठल्या रस्त्यावर उभे आहोत ते वर बघून समजत नाही. खालचं मात्र तसंच होतं. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं कंपनीच्या बसची वाट बघत रांगेने उभी. आमच्याकडे माणूस दिसला की आधी त्याचं गाव विचारतात, इथे आधी छातीवरचं कार्ड वाचतात. त्या सकाळी प्रत्येक कार्डाकडे बघून मला एकच विचार येत होता, हा खरंच हा असेल का? गाड्यावर पोहे खाल्ले. इथे पोह्यांवर सांबार ओततात. आमच्याकडच्या मुरमुऱ्यांच्या सुशील्याची आठवण आली. निम्मी प्लेट तशीच ठेवली, आणि दोष सांबाराचा नव्हता.

भास्करचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. जिना चढतानाच रबराचा वास आला. दारामागे पोती. वहिनी घरी कटिंगचं काम करतात. साच्यातून निघालेल्या रबराच्या चकत्यांना कडेने पातळ पापुद्रा राहिलेला असतो, तो ब्लेडने कापायचा. अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. मी बसलो तेव्हा त्यांनी मान वर केली, “या भावजी” म्हणाल्या, आणि पुन्हा खाली घातली. हात थांबला नाही. चकती फिरायची, पापुद्रा एका दमात सुटायचा.

भास्कर पहिल्या शिफ्टवरून साडेतीनला आला. आल्या आल्या मिठी मारली. मग मला खुर्चीत बसवून शेजाऱ्यांना बोलावलं आणि एकेकाला सांगितलं की हा पेपरात येतो. पेपरात नाही, अंकात, असं मी दोनदा म्हणालो. एक काका म्हणाले, “तेच ते, छापतंय ना?”

संध्याकाळी जेवायला शेंगदाण्याचं झणझणीत वरण आणि ज्वारीची भाकरी. भास्करने झाकण उचललं, नाकाशी नेलं, वास घेतला. मी ताटात बघत राहिलो. समोरच्या फळीवर तो अंक होता, मुखपृष्ठ पुढे करून, एखाद्या ट्रॉफीसारखा.

भास्कर म्हणाला, “तुझ्या अंकात मात्र घोटाळा हाय बरं का. तिन्हीमधी तुझीच पानं न्हाईत. मॅडम म्हणल्या, छपाईची चूक. तू तुझा अंक आणलास ना?”

आणलाय, मी म्हणालो. वहिनींनी मला न विचारता वाढलेल्या भाकरीवर आणखी अर्धी टाकली.

गुरुवार, तिथेच

या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असते. त्यामुळे काळेवाडीत रविवार गुरुवारी येतो. मटणाच्या दुकानासमोर रांग, गॅलरीत वाळत घातलेले युनिफॉर्म, खाली पाइप लावून धुतल्या जाणाऱ्या मोटारसायकली. भास्करने मला सकाळी गाडीवरून ताथवड्यापर्यंत फिरवून आणलं. जिथे आम्ही उसाचा रस प्यायला जायचो तिथे आता पंचवीस मजले आहेत. त्याने गाडी थांबवून बोटाने मजले मोजले, अठराव्याला चुकला, आणि पुन्हा खालपासून सुरुवात केली. मी मागे बसून मनात वाक्यं जुळवत होतो. ‘भास्कर, मी एक चूक केली आहे.’ फार पुस्तकी. ‘भास्कर, ती गोष्ट तुझी आहे.’ मग पुढे काय? परतताना सिग्नलपाशी वाक्य तयार झालं, आणि सिग्नल सुटला.

दुपारी तो केस कापायला गेला. उद्या पहिल्या रांगेत बसायचं होतं ना.

वहिनींनी हातातली चकती पोत्यात टाकली आणि फळीवरचा अंक काढून माझ्यासमोर ठेवला. मी उघडला. तीन पानं शिवणीपासून केसभर अंतरावर कापलेली, एवढी सरळ की तिथे काही होतं हे पटकन कळू नये.

त्या म्हणाल्या, “मी बारावी हाय भावजी. मी वाचते. ह्यांनी अंक आणले त्याच दिवशी वाचलं. रात उलटायच्या आत तिन्ही कापले.”

नाव बदललंय, एवढंच म्हणालो.

“हनुवटी कुठं बदलली?”

मग त्यांनी जे सांगितलं ते आवाज न चढवता सांगितलं. कंपनीत सोळा वर्षं झाली. चौकशी लागली तर एका दिवसात घरी, वर पोलीस केस. पोरगी ह्या वर्षी डिप्लोमाला गेली आहे. ह्यांना सांगितलं नाही, कारण ह्यांना तुमचा फार अभिमान. ह्यांना कळलं की तुम्ही ह्यांनाच छापलं, तर नोकरीच्या आधी तेच लागेल मनाला.

मी म्हणालो, “वहिनी, चुकलंच. इतकं हुबेहूब लिहायला नको होतं.”

“वाईट लिहिलं असतं तर भीती नव्हती,” त्या म्हणाल्या. “वाचताना मी दोनदा रडले. म्हणून तर कापलं.”

लेखकाला आयुष्यात अशी दाद किती वेळा मिळते मला माहीत नाही. मला एकदा मिळाली, आणि त्या क्षणी वाटलं की आपल्याला लिहिता-वाचता आलंच नसतं तर बरं झालं असतं.

मी पिशवीतून माझी प्रत काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली नाही. ब्लेड उलटं करून, धार आपल्याकडे ठेवून, माझ्या हातात दिलं. “तुमची तुम्ही कापा.”

माझं कापणं वेडंवाकडं झालं. शेवटच्या पानाला कोपऱ्यात फाटलं. त्यांनी फाटका तुकडा उचलला. चारही अंकांची मिळून बारा पानं रबराच्या चकत्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून माझ्याकडे दिली. माझं लेखन मला परत.

तेवढ्यात भास्कर आला, केसांना तेल लावून, कानामागे न्हाव्याची पावडर. संध्याकाळी त्याने शर्टाला स्वतः इस्त्री केली. आम्ही तिघं पुन्हा त्याच पातेल्याभोवती बसलो. मटण होतं. चव सांगता येणार नाही.

शुक्रवार, चाकण

भास्कर पहाटेच्या बसने कामावर गेला होता. कार्यक्रम दुपारी, पहिली शिफ्ट सुटताना. मी बसने निघालो. मोशीच्या पुढे ट्रकांची रांग एवढी की मधल्या पट्टीत एक बाई आरामात हरभऱ्याच्या जुड्या बांधत ड्रायव्हरांना विकत होती. इंद्रायणीचं पाणी पुलावरून काळं दिसलं. पाऊण तास आम्ही तिथेच होतो, आणि खरं सांगायचं तर मला पोचायची घाई नव्हती.

गेटवर सिक्युरिटीने वही पुढे केली. नाव, गाव, वेळ, कोणाला भेटायचं. तीन रात्री मी एकाच नावाचा विचार करत होतो. त्याने विचारलं, कोणाकडे? आणि माझ्या तोंडून निघालं, “भास्करकडे.”

त्याने लिहिलंसुद्धा. मग पेन थांबलं. “भास्कर? भास्कर नावाचा आपल्याकडं कोणीच न्हाई. कुठल्या लाइनला?”

मी त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. चिंचेचं झाड समोरच होतं, आणि त्याच्याखाली मॅडम माझी वाट बघत उभ्या. मी म्हणालो, सुनील, सुनील म्हणायचं होतं, मोल्डिंगचा.

त्याने भास्करवर आडवी रेघ मारली, वर सुनील लिहिलं, आणि हसला. “राव, गोष्टीत नावं बदलता ते ठीक हाय. गेटवर तरी नका बदलू.”

तो गंमत करत होता. मी सही केली. तिथल्या नियमाप्रमाणे मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून आत गेलो.

कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडलेल्या, सांबाराचा आणि गरम रबराचा एकत्र वास. दीडशेएक माणसं, निम्मी घरी जायच्या घाईत. पहिल्या रांगेत भास्कर, छातीवर ‘सुनील’. शाल झाली, नारळ झाला. मॅडम वयाने लहान आणि मनापासून आनंदी होत्या. त्यांनी सांगितलं की आपल्या सुनीलभाऊंमुळे सर आले, आणि आता सर ‘हजेरी’ वाचतील.

मी ठरवल्याप्रमाणे माइकवर म्हणालो, माझ्या प्रतीतही ती पानं नाहीत, मी दुसरं काही सांगतो.

मॅडम हसल्या. “मला वाटलंच होतं सर. म्हणून मी प्रकाशकांकडून मागवला. आजच कुरियरने आला.” आणि त्यांनी टेबलाखालून कोरा करकरीत अंक काढला. प्लॅस्टिकचं वेष्टण माझ्यासमोर फाडलं, पान काढलं, आणि अंक माझ्या हातात दिला.

पहिलंच वाक्य समोर होतं. हनुवटीचा डाग तिसऱ्या ओळीत. मी पहिल्या रांगेकडे बघितलं. भास्कर हाताची घडी घालून बसला होता.

मी वाचायला सुरुवात केली. म्हणजे नजर छापलेल्या ओळींवर ठेवली आणि तोंडाने दुसरंच बोलू लागलो. काळेवाडीची एक खोली. आठ माणसं, तीन शिफ्टा, चार गाद्या. एकाच्या अंगाची ऊब जायच्या आत दुसरा येऊन झोपायचा. मेसच्या डब्यांसाठी भिंतीवर कोळशाने मांडलेली हजेरी, आणि न जेवता झोपलेल्याच्या नावापुढे दुसराच कोणीतरी रेघ मारून त्याचा डबा खायचा. लोक हसले. मागून कोणीतरी ओरडलं, अजूनबी तसंच हाय. माझ्या आवाजाला कंप होता, तो मॅडमना भावनेचा वाटला असावा. पंधरा मिनिटं मी अशी गोष्ट वाचली जी कुठेही छापलेली नव्हती. आयुष्यात एवढं भराभर मी कधी लिहिलेलं नाही.

टाळ्या संपता संपता मी मॅडमना म्हणालो, माझी प्रत फाटली आहे, ही मला मिळेल का? त्यांना वाचायचा होता अंक, हे चेहऱ्यावर दिसलं. पण पाहुण्याला नाही कोण म्हणतं? मी तो पिशवीत टाकला, नारळाखाली.

शुक्रवार संध्याकाळ, परतीचा थांबा

भास्कर मला गाडीवर सोडायला आला. बस यायला वेळ होता. त्याने दोन कटिंग चहा सांगितले, आणि ग्लास हातात देताना म्हणाला, “पंधरा मिनिटं वाचलंस. पान एकदाबी उलटलं न्हाईस.”

मी ग्लास खाली ठेवला.

“पानं कापलेली हायत हे मॅडमनी दाखवलं तवाच कळलं मला,” तो म्हणाला. “एवढं सरळ कापणारी आमच्या घरात एकच हाय. मग पिंपरी स्टेशनाबाहेर पेपरवाल्याकडं एक अंक उरला होता, तिथं उभ्या उभ्या वाचलं.”

“मग मला काहून बोलावलंस? फोन करायचा, येऊ नको म्हणायचं.”

तोवर पत्रिका छापून झाली होती, तो म्हणाला. मॅडमना शब्द दिला होता. माझ्या वडिलांचं नाव त्यानेच मुद्दाम घालायला सांगितलं होतं. आणि वहिनींना कळलं असतं की त्याला ठाऊक आहे, तर त्यांची उरलीसुरली झोप गेली असती. म्हणून गप्प. म्हणजे तीन दिवस तीन माणसं एकाच पातेल्याभोवती बसून एकमेकांपासून तीच तीन पानं लपवत होती.

मी माफी मागितली. त्याने ती ऐकली, मान हलवली, आणि ग्लासातला चहा संपवला. माफ केलं असं तो म्हणाला नाही.

मग म्हणाला, “लिवलंस चांगलं. पण एक चुकलास. तू लिवलंस, भावाचं नाव पुकारलं की त्याला लाज वाटती, मेल्यावानी होतं.”

“वाटत नाही?”

“न्हाई रे. गावात सुनीलचं नाव आता कोण घेतं? माय होती तवर घ्यायची. इथं दिवसातनं शंभरदा त्याला कोणीतरी हाक मारतं. सुनील, पार्ट आण. सुनील, चहा पी. मला बरं वाटतं. सोळा वर्षं त्याला मी कामाला लावलाय.”

बस आली. मी चढलो. काच बंद होती म्हणून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण हात वर केलेला दिसला.

मी सहा पानं लिहिली, पहाटे उठून, महिनाभर. माणसाचा डाग लिहिला, सवय लिहिली, झाड लिहिलं. त्याला आतून काय वाटतं ते मात्र विचारलं नाही, माझ्याच मनातलं घातलं. पकडले जायची भीती मला त्याच्यासाठी वाटत होती असं मी तीन दिवस समजत होतो. पकडला जाणार होतो तो मी.

घरी आल्यावर प्रकाशकांना फोन केला. माझं पहिलं पुस्तक तेव्हा छपाईला जाणार होतं, आणि त्यात ‘हजेरी’ पहिलीच होती. ती काढायला सांगितली. ते म्हणाले, अहो, हीच तर सगळ्यात जमलेली आहे. मला माहीत आहे, मी म्हणालो. पुस्तक बारीक झालं. समीक्षा एकच आली, आणि तिच्यात लिहिलं होतं की सुरुवातीला काहीतरी कमी वाटतं.

आज हे लिहितोय, कारण भास्करने ती कंपनी स्वतःहून सोडली. त्याने आणि वहिनींनी पत्र्याच्या शेडमध्ये कटिंगचं काम सुरू केलंय, हाताखाली पाच बाया आहेत. पाटीवर धाकट्या भावाचं नाव आहे, ‘सुनील रबर वर्क्स’. आता स्वतःचं नाव लपवावं लागत नाही, आणि सुनीलला हाक मारणंही थांबलेलं नाही. माल न्यायला येणारा टेम्पोवाला दारातून तेच ओरडतो. अर्थात हे नाव मी इथे बदललेलं आहे. भास्कर हेही बदललेलं. डाग हनुवटीखाली नाही, आणि झाडही चिंचेचं नाही.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी काळेवाडीला जाऊन दोघांना वाचून दाखवला, प्रत्येक पान उलटून. भास्कर डोळे मिटून ऐकत होता. वहिनींनी कागद मागून घेतले, पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचले, आणि दोन ठिकाणी ब्लेड चालवलं. कुठे, ते सांगणार नाही. कड त्यांनी अशी साफ काढली आहे की मलाही आता शोधावी लागते.